ट्रेमर्स २ : दुसरी सीडी अडकली तिथून पुढे

तापीकाठचा

परवा एक सिनेमा पाहून संपवला. सुरू केला होता २००३ च्या उन्हाळ्यात.

तेव्हा सावद्याला सीडी भाड्याने मिळायच्या, प्लेअरसुद्धा. मामाच्या गावी आम्ही सहा-सात पोरांनी वर्गणी काढून प्लेअर आणि तीन सिनेमे आणले, त्यातला एक 'ट्रेमर्स २'. पहिला भाग (१९९०) केबलवर बघून सगळ्यांचा पाठ होता. नेवाडाच्या वाळवंटातलं पर्फेक्शन नावाचं इवलंसं गाव, जमिनीखालून सुसाट येणारे अजस्र किडे, ग्रॅबॉइड. पावलांची धमक लागली की येतात, म्हणून माणसं छपरावर नाहीतर खडकावर चढून बसलेली. तो पाहिल्यावर आठवडाभर आम्ही ओट्यावरून बैलगाडीवर आणि बैलगाडीवरून कडब्याच्या गंजीवर असेच हिंडत होतो. जमिनीला पाय लागला तो मेला.

दुसऱ्या भागात तेच प्राणी मेक्सिकोत, एका तेलशुद्धीकरणाच्या कारखान्याजवळ निघतात. पहिली चकती जिथे संपली तिथे एक ग्रॅबॉइड वर येऊन विव्हळत पडलेला असतो. जाऊन बघतात तर मेलेला. अंग आतून फाटलेलं आणि आतलं जे काही होतं ते निघून गेलेलं. आम्ही दुसरी चकती घातली. अडकली. बनियनने पुसली, टूथपेस्ट लावली, शेजारच्या दादाने फुंकर मारली. नाहीच.

त्या रात्री गच्चीवर जो तो पोटातून काय निघालं ते सांगत होता. माझ्या कल्पनेत मूळ प्राण्याच्या दुप्पट, पंख असलेलं काहीतरी होतं. वीस वर्षं तेच होतं.

आता पाहिलं तर निघाल्या काय, कमरेएवढ्या उंचीच्या, दोन पायांवर पळणाऱ्या कोंबड्या! पहिल्यांदा वाटलं, फसवलं राव. मग दुसऱ्या दिवशी परत पाहिला आणि मत बदललं. हे कमी पैशांत केलेलं काम आहे, पण डोक्याने केलेलं. दिग्दर्शक एस. एस. विल्सन, म्हणजे पहिल्या भागाचे लेखकच. बजेट साधारण ४० लाख डॉलर, पहिल्याच्या निम्म्याहूनही कमी. १९९६ साली थिएटरला न जाता थेट कॅसेटवर आला. पहिल्या भागातले केव्हिन बेकन नाही, रेबा मॅकेंटायर नाही. ट्रकएवढा प्राणी दर पाच मिनिटांनी दाखवायला पैसे नाहीत. मग केलं काय, तर प्राणी लहान केला आणि खेळाचा नियम उलटा केला. पहिल्या भागात आवाज करायचा नाही, जमिनीवर यायचं नाही. इथे या कोंबड्या, म्हणजे 'श्रीकर' (Shrieker, किंचाळणारे), बहिरे आहेत, त्यांना धमक कळत नाही, त्यांना उष्णता दिसते. म्हणजे पहिल्या भागात जे शहाणपण कमावलं ते सगळं फुकट. छपरावर चढलात तरी तुमचं अंग गरमच. सीक्वेलमध्ये नायकाचा अनुभवच त्याला गोत्यात आणतो, हे मला फार आवडलं.

कमजोर जागा पण आहेत, त्यावर खाली बोलूच. कोणी पाहिलाय का?

भुसावळ_जंक्शन

पाहिलाय म्हणजे काय! मी फक्त दुसरी सीडी पाहिली आहे.

थट्टा नाही. अमळनेरला आत्याकडे होती, पहिली हरवलेली. आमच्यासाठी सिनेमा सुरूच होतो तो त्या कोंबड्यांपासून. डोक्यावरचा पडदा उघडून बघतात, किंचाळतात आणि धावत सुटतात. मोठा किडा कधी पाहिलाच नाही, त्यामुळे तुमच्यासारखी निराशा झाली नाही. मला तर वाटायचं, तेल कंपनीनेच काहीतरी पाळलंय आणि ते सुटलंय.

शेवभाजी_तिखट

@भुसावळ_जंक्शन, @तापीकाठचा, तुम्ही दोघं एकाच गावात असता तर २००३ मध्येच भागलं असतं 😀

तापीकाठचा

हो ना! पण भुसावळ_जंक्शन, तुमच्या निम्म्या सिनेमात एक मोठी गोष्ट सुटली: नायक कुठून येतो ते. अर्ल (फ्रेड वॉर्ड) पहिल्या भागानंतर श्रीमंत व्हायला हवा होता. त्याच्या नावावर दुसऱ्यांनी पैसा केला आणि हा शहामृग पाळून कर्जात. म्हणून एका किड्यामागे ५० हजार डॉलर म्हटल्यावर निघतो.

कपाशीचं_बोंड

शहामृग! आमच्या काकांनी ईमू पाळले होते. कंपनी म्हणाली पिल्लं आम्ही देतो, अंडी आम्ही घेतो, तेल विकतो. मग कंपनी गायब, ईमू तसेच. खायला मका मागतात आणि कुंपणापलीकडून माणसाकडे असं बघतात की जणू पैसे आपणच बुडवले. काका शेवटी शेवटी त्यांच्याशी बोलायचे. हा सिनेमा त्यांना दाखवायला हवा, पहिली दहा मिनिटंच.

धुळ्याची_मॅडम

धागा वाचून काल पाहिला. मी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते, त्यामुळे राहवत नाही.

उष्णता दिसणारा प्राणी खानदेशात किती चालेल? आपल्या कातडीचं तापमान साधारण ३३ ते ३५ अंश. मे महिन्यात भुसावळला दुपारी हवा ४५ च्या पुढे जाते, डांबर, पत्रे, भिंती त्याहून तापलेल्या. त्यांच्यापुढे माणूस थंड. म्हणजे श्रीकरला आपण उजळ दिसणार नाही, तापलेल्या पडद्यावर एक गार काळा डाग दिसू. काळा डाग ओळखायला तो शिकला तर संपलं, नाही शिकला तर दुपारी बाराला तुम्ही त्याच्यासमोरून चालत जा. खरी गंमत संध्याकाळी. भिंती निवत निवत एका वेळेला तुमच्या कातडीएवढ्याच होतात. त्या थोड्या वेळात तुम्ही अदृश्य. मग रात्री हवा गार झाली की पुन्हा दिव्यासारखे चमकायला लागता.

सिनेमात हा विचारच नाही. भर उन्हात, तापलेल्या पिंपांच्या आणि पाइपांच्या मधून प्राण्याला माणूस अचूक दिसतो. लेखकांनी नियम केला तो भारी, पण फार वापरला नाही अशी माझी तक्रार आहे.

तापीकाठचा

मॅडम, दंडवत. 'संध्याकाळी सात वाजता पळून जा' हा सिनेमाच वेगळा झाला असता.

पण एक जागा सांगतो जिथे त्यांनी नियम चांगला वापरला. श्रीकर आधी गाडीच्या इंजिनचा फडशा पाडतात, मग रेडिओ बंद पाडतात. सगळ्यांना वाटतं, बाप रे, हे हुशार आहेत, आपला संपर्क तोडतायत. आणि नंतर कळतं की हुशारीबिशारी काही नाही, जिथे गरम लागलं तिथे तुटून पडले. शत्रूला अक्कल आहे असं समजून माणसं घाबरतात आणि तो निघतो ठार मूर्ख. भयपटात असं उलटं सहसा करत नाहीत.

सर्पमित्र_यावल

उष्णतेचं निघालंच आहे तर, कोणीतरी लिहिणारच की घोणसला उष्णता दिसते, म्हणून आधीच सांगतो. घोणसला नाही. घोणस व्हायपर आहे, पण पिट व्हायपर नाही. घाटात जो हिरवा चापडा असतो त्याच्या डोळ्याच्या आणि नाकपुडीच्या मध्ये खाच असते, ती उष्णता टिपते. अजगराच्या ओठांवर तशा खाचा असतात. बाकी पहिल्या भागातला प्रकार, जमिनीची धमक जाणणं, तो सगळ्या सापांकडे. जबडा जमिनीला टेकला की कळतं. म्हणून रात्री बांधावरून जाताना काठी आपटत जायची, साप स्वतःच बाजूला होतो. ग्रॅबॉइडबाबत उलटं, काठी आपटली तर तो यायचा.

जाता जाता. जमिनीत राहणारा, बिनविषारी, गरीब मांडूळ. त्याला 'दुतोंड्या' म्हणतात आणि त्याच्या नावावर लाखांचे सौदे चालतात. सिनेमात राक्षसाची किंमत ५० हजार डॉलर, इथे ज्याने कोणाला चावलं नाही त्याची किंमत त्याहून जास्त सांगतात. मांडूळ कायद्याने संरक्षित आहे. कोणी विकायला आला तर वनखात्याला कळवा.

भुसावळ_जंक्शन

मी जरा दुसरी बाजू मांडतो, कारण मला दुसरीच बाजू माहीत आहे 😀

तुम्ही सगळे नियम-नियम करताय, पण भीती कुठे आहे? माझ्या अर्ध्या सिनेमात मरतात कोण? स्थानिक मेक्सिकन कामगार. तो बिचारा साधा, चांगला माणूस, घटकाभर दिसतो आणि खलास. अमेरिकेतून आलेल्यांपैकी एकालाही खरचटत नाही. आपल्याकडे बिबट्याची बातमी येते तेव्हा असंच असतं, बळी बहुतेक मजुराचाच. पेपरात त्याचं नाव दोन ओळींत आणि बाकी बातमी पिंजऱ्याची आणि अधिकाऱ्यांच्या पाहणीची. सिनेमाने पण तेच केलं.

तापीकाठचा

हे मान्य. आणि त्याचं मूळ पुन्हा पैशातच आहे असं मला वाटतं. पहिल्या भागात गाव होतं. दुकानदार, म्हातारा मेंढपाळ, चिडका पोरगा, बंदुका गोळा करणारे नवरा-बायको. कोण मरेल सांगता येत नव्हतं, आणि जो मेला त्याचं वाईट वाटायचं. इथे कारखाना रिकामा. लोक आधीच हलवले, असं सांगून मोकळे. रिकामी जागा भाड्याने स्वस्त पडते, पण मग वाचवायचं कोणाला? पाच माणसं आणि एक पत्र्याची शेड.

त्यात ग्रेडी. बेकनच्या जागी आणलेला तरुण. वाईट नाही, पण तो सतत 'मी तुमचा चाहता' एवढंच म्हणत राहतो. त्याला स्वतःचं काहीच नाही. केट नावाची भूगर्भशास्त्रज्ञ आहे, तिच्यावर जरा मेहनत घेतली असती तर बरं झालं असतं. खडकाचं वय सांगून हे प्राणी किती जुने ते तीच शोधते, ती सगळ्यांत चलाख, आणि शेवटाला तिला अर्लची प्रेयसी करून टाकलं.

जळगावचं_भरीत

बर्ट गमर वर कोणीच बोललं नाही?? अरे सिनेमा त्याच्यामुळे आहे.

कपाशीचं_बोंड

+१

तापीकाठचा

बर्टबद्दल मी मुद्दाम थांबलो होतो.

मायकल ग्रॉस. पुढच्या सगळ्या भागांत, म्हणजे २०२० च्या सातव्यापर्यंत, तोच. घरात दारूगोळ्याचा साठा करून जगबुडीची वाट बघणारा माणूस. दुसऱ्या भागात त्याची बायको सोडून गेलेली आहे (रेबा उपलब्ध नव्हती, त्याची सोय अशी लावली) आणि तो थोडा दुःखी आहे. मग राक्षसांची बातमी येते आणि गडी सावरतो. अडीच टन स्फोटकं भरलेला ट्रक घेऊन मेक्सिकोत हजर.

त्याचा विनोद असा आहे की तो नेहमी गरजेपेक्षा जास्त तयारीत असतो आणि तयारीच घात करते. श्रीकर खाल्लं की पिल्लू ओकतो, जोडीदार लागत नाही. हे बर्टला कोणी सांगितलेलं नसतं आणि तो सगळ्या श्रीकरांना अन्नाच्या साठ्यासकट कोंडून ठेवतो. दुसरा प्रसंग त्याहून भारी. मोठ्ठी बंदूक काढून एका श्रीकरवर गोळी झाडतो. प्राणी मरतो. गोळी थांबत नाही. भिंत फोडून, पुढचं काय काय फोडून जाते आणि ज्या गाडीतून पळायचं होतं तिच्या इंजिनात शिरते. इथे मी खुर्चीवरून उठलो हसत. एका विनोदासाठी लागलं काय? चार भोकं आणि एक बंद गाडी. ४० लाखांतले किती गेले असतील?

दीपनगरचा_फिटर

नमस्कार. वाचनमात्र असतो, आज लिहितो. अर्ल अंगावर आग विझवण्याचा कार्बन डायऑक्साइड मारून घेतो आणि गार होऊन श्रीकरांमधून चालत जातो, ते बघून माझ्या अंगावर काटा आला. भीतीने नाही, ट्रेनिंगमुळे.

त्या नळकांड्यातून बाहेर येतो त्यातला पांढरा भाग म्हणजे कोरडा बर्फ, उणे ७८ अंश. आम्हाला पहिल्याच दिवशी सांगतात की भोंग्याला हात लावू नका, कातडी चिकटते. आणि बंद खोलीत तो गॅस भरला तर गुदमरून माणूस आडवा होतो. वीजघरात जिथे हा गॅस आपोआप सुटायची सोय असते तिथे आधी सायरन वाजतो आणि सगळ्यांनी बाहेर पळायचं असतं. अर्ल मात्र बंद शेडमध्ये, नखशिखांत पांढरा होऊन, निवांत. घरी करू नका.

धुळ्याची_मॅडम

आणि पुरवणी: लपवतो तो गॅस नव्हे, थंडी. कार्बन डायऑक्साइड काही ठरावीक लांबीच्या अवरक्त लहरी शोषतो खरं, पण आपलं अंग ज्या लहरी जास्त फेकतं त्या त्याच्यातून बहुतेक तशाच निघून जातात. कातडीचा वरचा थर गार झाला म्हणून अर्ल दिसत नाही, एवढं खरं धरता येईल. मिनिटभर.

जळगावचं_भरीत

मॅडम आम्हाला अकरावीला तुम्ही असत्या तर मी सायन्स सोडलं नसतं.

शेवभाजी_तिखट

ग्राफिक्सवर बोला की. मला तरी प्राणी कार्टून वाटले.

तापीकाठचा

दोन प्रकार आहेत, नीट बघितलं तर ओळखू येतात. जवळून दिसतो, तोंड उघडतो, चिकट लाळ गाळतो तो हाताने चालवलेला पुतळा. तो अलेक गिलिस आणि टॉम वुड्रफ यांच्या कंपनीचा. आजही खरा वाटतो, कारण समोर खरोखर काहीतरी होतं. लांबून पळणारा संगणकावरचा, फिल टिपेट यांच्या स्टुडिओचा. हे १९९३ च्या 'जुरासिक पार्क'मधल्या डायनासोरांवर काम केलेले गृहस्थ, पण इथे वेळ आणि पैसा तेवढा नाही. रात्रीच्या दृश्यात चालून जातं. दिवसाउजेडी सावली जमिनीला चिकटत नाही, प्राणी धुळीवरून तरंगतो. धूळ उडाली असती तर निम्मं काम झालं असतं. आपल्याकडे शेळी पळाली तरी धूळ उडते.

पहिल्या अर्ध्या तासातलं डोकं मला जास्त आवडतं. ग्रॅबॉइड मारायला काय, तर रिमोटवर चालणारी खेळण्यातली गाडी आणि तिच्यावर डायनामाइट. गाडीच्या धमकेने किडा येतो, गिळतो, धडाम. राक्षस दिसतो किती? जमिनीवर सरकणारा उंचवटा आणि मग मांसाचा पाऊस. जत्रेतल्या खेळण्यात भागवलंय. मालेगावचे हौशी सिनेमावाले सायकलवर कॅमेरा बांधून शॉट घ्यायचे, त्याच जातीची अक्कल.

भुसावळ_जंक्शन

आज पहिली सीडी पाहिली! म्हणजे ऑनलाइन, पहिला तासभर.

माझा निकाल: तुमचा अर्धा जास्त चांगला आहे. मान्य. ते फाटलेलं धूड पाहिल्यावर पुढे काय येणार याची जी धाकधूक आहे ती मला कधी मिळालीच नाही, कारण उत्तर आधीच पाहिलेलं. पण मी उत्तराला नावं ठेवणार नाही. एक मोठा येण्याऐवजी दोनाचे चार, चाराचे आठ येतात. टोळधाडीसारखं. माणूस मोठ्याला घाबरतो, पण हरतो संख्येपुढे. उंदरांनी गोदाम खाल्लेलं ज्याने बघितलंय त्याला हे कळेल.

कपाशीचं_बोंड

किंवा बोंडअळी. बारीक असते हो. एकरच्या एकर जातं.

केळीबागेतून

मोबाईलवरून लिहितो, शुद्धलेखन सांभाळून घ्या. आमच्याकडे शेतीची लाइट रात्री बारानंतर. बागेत मोटरीच्या खोलीत बसलोय, लाइट यायची वाट बघत. धागा वाचला आणि मोबाईलवर लावला सिनेमा. कसाले लावला काय माहीत. आठे शेतमां मी एकलाच शे.

जळगावचं_भरीत

दादा बंद करा आणि गाणी लावा.

सर्पमित्र_यावल

बूट घालून बसा. पाय वर घ्या. टॉर्च जवळ ठेवा. सिनेमा नंतर.

केळीबागेतून

बूट आहेत. केळीची पानं वाऱ्याने फाटतात त्याचा आवाज आणि त्या प्राण्याचा आवाज यात मला तरी फरक कळत नाही. पंधरा मिनिटं झाली, बागेत डुकरं शिरली असतील असं समजून बसलोय.

धुळ्याची_मॅडम

अहो दादा, आता बाग निवलेली आहे आणि तुम्ही ३४ अंशांवर. पूर्ण बागेत सगळ्यात ठळक तुम्हीच दिसत असाल 🙏

केळीबागेतून

मॅडम हे सांगायची गरज नव्हती.

तापीकाठचा

😂 डिसेंबरात भरीत पार्टी करू तेव्हा शेतात पडदा लावून हाच दाखवायचा. बामणोदची वांगी, कळण्याची भाकरी आणि दोन्ही चकत्या. केळीबागेतून, जागा तुमच्याकडे.

केळीबागेतून

शेवट झाला पाहून. शेड उडवली तो स्फोट भारी. पळतात, आडवे पडतात, मग बर्ट अडीच टनाची आठवण देतो आणि परत उठून पळतात. भलती मज्या उनी भो.

लाइट आली. मोटर टाकून येतो. टॉर्च घेतलाय. काठी आपटत जाऊ का नको, ते सर्पमित्र दादांनी एकदा नक्की सांगा.

सर्पमित्र_यावल

आपटा. ग्रॅबॉइड मेक्सिकोत आहेत.